दोन हजार सातशे एकोणनव्वदचे शेजारी

दातेमामांच्या वर्कशॉपवर पाटी आहे : ‘येथे सर्व प्रकारचे दाते पाडून मिळतील.’ रंगाऱ्याने ती रंगवली तेव्हा वरच्या ओळीत ‘गिअरच्या चाकांना’ असे शब्द होते. ती ओळ उन्हाने खाल्ली आणि खालची शाबूत राहिली. त्यामुळे वर्षाकाठी एखादा तरी माणूस गाल धरून आत येतो, समोरच्या मिलिंग मशीनकडे बघतो, आणि आता बरंच बरं वाटतंय म्हणून आल्या पावली परत जातो. मामांनी पाटी दुरुस्त केलेली नाही. त्यांच्या मते ज्याला खरंच चाकाला दाते पाडायचे आहेत तो पाटी वाचून येत नाही, आणि ज्याचा दात दुखतोय त्याला फुकटात बरं करणं हे पुण्याचंच काम आहे.

मामा हे नाव सगळ्या गल्लीने ठेवलेलं. ओळखपत्रावर काय आहे ते बायकोलासुद्धा आठवून सांगावं लागतं. माणूस पन्नाशी ओलांडलेला, अंगाने किरकोळ, नखांत काळं ग्रीस कायमचं वस्तीला. आणि एक खोड. आकडा दिसला की तो फोडायचा. बसच्या तिकिटावरचा, विजेच्या खांबावरचा, दवाखान्याच्या दारावरचा, कुठलाही. एकदा बँकेत त्यांना एक्क्याण्णव नंबरचं टोकन मिळालं, तेव्हा शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंना ते सांगू लागले की हा आकडा दिसायला फार साळसूद असतो, कुणानेच जाणार नाही असं तोंड करून बसतो, पण आतून तेरा सत्ते. बाईंनी पर्स मांडीवर ओढून घेतली आणि जागा बदलली.

खोड धंद्यातून लागली. चाकाला दाते पाडायचे म्हणजे वर्तुळाचे सारखे भाग करायचे, आणि सारखे भाग करायचे म्हणजे आकडा कशाकशाने जातो ते आधी बघायचं. साठ दाते म्हणजे गरीब गाय. दोनने जाते, तीनने जाते, पाचने जाते, हवी तशी वळवा. सत्त्याण्णव मात्र अडेल. तिला स्वतःखेरीज आणि एकाखेरीज कुणाचाच भाग जात नाही. शाळेच्या पुस्तकात अशा आकड्याला मूळ संख्या म्हणतात. मामा ‘न फुटणारा’ म्हणतात, आणि म्हणताना आवाज जरा खाली आणतात, एखाद्या तापट साहेबाबद्दल बोलावं तसा.

आता त्यांच्या सासऱ्यांबद्दल सांगायला हवं, कारण खरा गुंता त्यांच्यापाशी आहे.

वाचनालयाच्या मनोऱ्यात जे मोठं घड्याळ आहे त्याची देखभाल सासऱ्यांनी उभं आयुष्य केली. पुढे घड्याळाला विजेची मोटर बसली, सासरे निवृत्त झाले, पण मनोऱ्याची किल्ली त्यांच्याकडेच राहिली, कारण ती परत मागायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. घड्याळाच्या तबकडीच्या वर एक गोळा आहे, फुटबॉलपेक्षा थोडा मोठा, अर्धा काळा, अर्धा सोनेरी. तो सावकाश फिरतो आणि रस्त्यावरच्या माणसाला आज चंद्र किती भरलाय ते दाखवतो. आकाशात अर्धा चंद्र, तर मनोऱ्यावरही अर्धा. निदान तसं ठरलेलं होतं.

पण गोळा फिरवणारं चाक होतं एकोणसाठ दात्यांचं, म्हणजे दोन महिन्यांना एकोणसाठ दिवस, एका महिन्याला साडेएकोणतीस. खऱ्या चंद्राला त्याहून चव्वेचाळीस मिनिटं जास्त लागतात. म्हणजे दर महिन्याला गोळा चव्वेचाळीस मिनिटं पुढे पळायचा, आणि आठ महिन्यांत त्याने पाव दिवस मारलेला असायचा. रस्त्यावरच्या माणसाला पाव दिवसाचा फरक सात जन्मांत कळला नसता. सासऱ्यांना कळायचा. दर आठ महिन्यांनी ते मनोऱ्याच्या गच्चीत जायचे, तिथून बाहेरच्या अंगाला लावलेल्या लोखंडी शिडीने वर चढायचे आणि पोराचा कान धरून मागे आणावा तसा गोळा हाताने मागे आणायचे.

गेल्या खेपेला शेवटच्या पायरीवरून पाय सटकला. गच्चीतच पडले म्हणून बचावले. खांदा निखळला, हात कितीतरी दिवस गळ्यात. वय शहात्तर. हात मोकळा झाल्यावर पहिलं काम त्यांनी काय केलं असेल, तर रबरी तळाचे बूट शिवायला टाकले.

बूट टाकल्याची बातमी चांभाराकडून थोरल्या लेकीला, म्हणजे मामांच्या बायकोला कळली. ती तशीच वडिलांकडे गेली.

“बाबा, पुन्हा शिडीला हात लावलात तर मी तिच्या पायऱ्या कापून आणीन.”

“चंद्र आपला आपण नीट चालायला लागला की मी उतरतो,” बाबा म्हणाले. “तोवर त्याला माझ्याशिवाय कोण आहे?”

पुढची चढाई दोन महिन्यांवर आली होती. घरी येऊन तिने पदर खोचला आणि नवऱ्यासमोर उभी राहिली. सगळ्या जगाचे दाते पाडता, म्हणाली, माझ्या बापाची हाडं शाबूत राहतील असं एक चाक पाडा. मामांना वाटलं, एका दिवसाचं काम. फक्त आकडा काय तो कळायला हवा.

आकड्यासाठी मेहुणीला बोलावलं. बायकोची ही धाकटी बहीण शाळेत गणित शिकवते आणि मामांशी बोलताना शाळेबाहेर शिकवते. मामा तिला मास्तरीणबाई म्हणतात, ती त्यांना भाऊजी म्हणते, पण अशा सुरात की ऐकणाऱ्याला ‘विद्यार्थी’ असंच ऐकू यावं. रविवारी सकाळी ती वर्कशॉपमध्ये आली, स्टूल पुसून बसली, आणि लोखंडी कपाटाच्या दारावर खडूने लिहू लागली. मामांकडे हिशेबाला कागद नसतो. कपाट असतं.

तिने समजावलं ते असं. चंद्राच्या महिन्याचा आकडा सरळ संपत नाही, एकोणतीसच्या पुढे अपूर्णांक लांबतच जातो. तेव्हा त्याच्या जवळात जवळचा अपूर्णांक शोधायचा. वर एक पूर्ण संख्या, खाली एक पूर्ण संख्या. वरची फोडून जे तुकडे मिळतील तेवढ्या दात्यांची चाकं एका बाजूला, खालचीच्या तुकड्यांची दुसऱ्या बाजूला, आणि ती एकमेकांत गुंतवून दिली की गोळा बरोबर तेवढ्या दिवसांत फिरणार. एवढं बोलून तिने लिहिलं : २५१०१ भागिले ८५०.

“हा जवळजवळ तंतोतंत आहे,” ती म्हणाली. “आता फोडा.”

फोडा म्हटल्यावर मामांचा चेहरा खुलला. खालचा साडेआठशे एका दमात फुटला : दोन, पाच, पुन्हा पाच, आणि सतरा. वरच्या पंचवीस हजार एकशे एकच्या अंकांची बेरीज नऊ, म्हणजे नऊने जाणार. गेला. उरले दोन हजार सातशे एकोणनव्वद.

आणि तिथे मामा अडकले.

सातने बघितलं, तीन उरले. अकराने, सहा. तेराने, सात. सतराने गेल्यासारखं झालं आणि एक उरला. मामांनी पुन्हा केलं, पुन्हा एक. एकोणीस, तेवीस, एकोणतीस, सगळ्यांनी हात टेकले. एकतीसला तर एकच कमी पडला, एकतीस नव्वदे सत्तावीसशे नव्वद. एक्केचाळीसला पुन्हा एक उरला. इतक्यांदा इतक्या जवळ येऊन हुलकावणी देणारा आकडा मामांनी पाहिला नव्हता. ते सत्तेचाळीसपर्यंत आले, मग त्रेपन्नकडे निघाले, तेव्हा मेहुणीने खडू काढून घेतला. पुढे जायची गरजच नाही, ती म्हणाली. आकडा दोन तुकड्यांत फुटायचा असेल तर त्यातला एक तरी तुकडा त्रेपन्नच्या आतला हवा. दोन्ही त्रेपन्न धरले तरी गुणाकार अठ्ठावीसशेच्या वर जातो. आतले सगळे बघून झाले. हा फुटत नाही.

मामांनी ऐकून घेतलं आणि कपाटापासून दोन पावलं मागे जाऊन त्या आकड्याकडे बघत राहिले. मग त्यांना एक गंमत दिसली. शेजारचे बघावेत म्हणून त्यांनी सत्तावीसशे अठ्ठ्याऐंशी फोडला. चार, सतरा, एक्केचाळीस. पलीकडचा सत्तावीसशे नव्वद फोडला. दोन, नऊ, पाच, एकतीस. दोन्हीकडच्या भिंतींचा भुगा, आणि मधलं घर जसंच्या तसं. म्हणून मघाशी सतरा आणि एक्केचाळीसला एकेक उरत होता आणि एकतीसला एक कमी पडत होता. ते भाग याचे नव्हतेच, शेजाऱ्यांचे होते. ही गोष्ट मामांनी त्या दिवशी दुकानात आलेल्या तिघांना सांगितली. त्यातल्या एकाला फक्त पंपाची पुली हवी होती.

मग मोह झाला. एकाचाच तर फरक आहे. सत्तावीसशे नव्वदची चाकं पाडू, कोण बघतंय? मेहुणीने हिशेब करून दाखवला. वर एवढासा धक्का लागला की गोळा महिन्याला पंधरा मिनिटं मागे पडणार. चव्वेचाळीसपेक्षा बरं, पण पाव दिवस चुकायला दोन वर्षं पुरे. मामा ही सवलत घेऊन घरी गेले.

बायको पोळ्या लाटत होती. तिने लाटणं थांबवलं नाही.

“म्हणजे बाबा आठ महिन्यांनी पडायचे ते दोन वर्षांनी पडतील, एवढंच ना?”

मामा आल्या पावली वर्कशॉपमध्ये परत गेले.

पुढच्या रविवारी मेहुणीने आणखी दोन अपूर्णांक दिले. एक १४४७ भागिले ४९, खऱ्यापेक्षा केसभर जास्त. दुसरा ५०२ भागिले १७, खऱ्यापेक्षा थोडा कमी. मामांनी दोन्हींवर झडप घातली. चौदाशे सत्तेचाळीस कशानेच जाईना. पाचशे दोन अर्धा झाला आणि दोनशे एक्कावन्नवर येऊन बसला, आणि दोनशे एक्कावन्न हा पुन्हा न फुटणारा. तेवढ्या दात्यांचं चाक पाडलं तर ते घड्याळाच्या सांगाड्यात मावलं नसतं, ठेवायला वाचनालयाची कपाटं हलवावी लागली असती. मामा म्हणाले, हे सगळं घराणंच एका वळणाचं दिसतंय. दारातून बायकोचा आवाज आला की चंद्राचं घराणं कशाला, आमचे बाबाच बघा, ना तीनने जाणार, ना सातने. ती बहिणीसाठी डबा घेऊन आली होती आणि दाराशी थांबून सगळं ऐकत होती.

आता पुढे जे झालं ते मामांच्या अर्धवट शाळेमुळे झालं. आठवीनंतर त्यांनी पुस्तक मिटलं होतं. अपूर्णांकांची बेरीज त्या आधीच विसरले असतील. त्यांनी विचार केला तो गॅरेजवाल्या डोक्याने. एक जास्त धावतो, एक कमी धावतो. घट्ट तेल आणि पातळ तेल एकत्र केलं की मधलं मिळतं. म्हणून त्यांनी कपाटावर दोन्ही शेजारी लिहिले आणि वरच्यात वरचा मिळवला, खालच्यात खालचा. १९४९ भागिले ६६.

मेहुणीला हसू आवरेना. पाचवीतली पोरं हेच करतात, ती म्हणाली, आणि मी लाल पेनाने प्रत्येकाचा एक मार्क कापते. भाऊजी, तुमचाही कापला.

“मी बेरीज कुठं केली?” मामा म्हणाले. “मी मिसळलं.”

ती पुन्हा हसायला लागली आणि मधेच थांबली. खडू घेऊन तिने भागाकार केला. उत्तर खरंच दोघांच्या मधे आलं होतं. मग ती स्टुलावर बसली आणि म्हणाली की ही बेरीज म्हणून चूकच आहे, पण मधला शोधायचा म्हणून बरोबर आहे. असे मिसळलेले अपूर्णांक नेहमी दोघांच्या मधेच पडतात. कॉलेजात असताना तिने हे कुठेतरी वाचलं होतं, जुने घड्याळवाले असंच करायचे, आणि नंतर पोरांचे मार्क कापता कापता विसरून गेली होती. कापलेला मार्क तिने मामांना परत दिला नाही, पण डब्यातला लाडू दिला.

एकोणीसशे एकोणपन्नाससुद्धा न फुटणाराच निघाला. पण आता मामांच्या हाती पातेलं आणि डाव आला होता. दोन भाग हा, एक भाग तो. तीन भाग हा, दोन भाग तो. मिसळायचं, मग फोडून बघायचं. मेहुणीने एकच सूचना देऊन ठेवली होती, चौदाशे सत्तेचाळीसचे भाग जास्त टाका, तो खऱ्याच्या जास्त जवळ आहे. एवढं मामांना पुरलं. कपाटाचं दार भरलं, मग खिडकीची फळी भरली, मग लेथवरचा पत्रा. गिऱ्हाईक यायचं, आणि मामा त्याला थांबा म्हणून एका हाताने मशीन बंद करायचे आणि दुसऱ्या हाताने वीस हजारांचा आकडा तेराने तपासायचे. त्यांना आता चंद्राचंही विशेष राहिलं नव्हतं. दिसायला गरीब आकडा एकाएकी कसा अडतो आणि आडदांड दिसणारा कसा एका टिचकीत विखरून पडतो, हेच बघत बसावंसं वाटायचं. सम आकडा दिसला की निम्म्याने तरी कमी होणार ही खात्री. अंकांची बेरीज तीनच्या पाढ्यात आली की आनंद. आणि प्रत्येकाच्या शेवटी तो एक शेवटचा तुकडा, जो कुणाचंच ऐकत नाही.

इकडे बूट शिवून तयार झाले. सासऱ्यांनी ते घालून अंगणात चार फेऱ्या मारल्या. लेकीने ते पाहिलं. त्या दिवशी मामांना जेवायला वाढताना तिने पातेलं जरा जोरातच टेकवलं, आणि त्याचा अर्थ मामांना पुरता ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी अकरा भाग चौदाशे सत्तेचाळीसवाला आणि सात भाग पाचशे दोनवाला असं मिश्रण केलं. वर १९४३१, खाली ६५८. मामांनी सवयीने अंकांची बेरीज केली, अठरा. नऊने गेला, एकवीसशे एकोणसाठ. सतराने बघितलं, आणि या खेपेला बाकी उरली नाही. खाली चौदा गुणिले सत्तेचाळीस, दोन्ही नेहमीची चाकं. सगळं कसं कुलपात किल्ली बसावी तसं बसत चाललं होतं. सतराने जाऊन उरले एकशे सत्तावीस. आणि एकशे सत्तावीस न फुटणारा. त्याचं अख्खं चाकच लागणार. मशीनला भाग मोजून देणारी जी भोकांची तबकडी असते तिच्यावर तो भाग नव्हता, आणि लेथबरोबरच्या चाकांच्या पेटीत सगळ्यात मोठं चाक एकशे वीसचं. मामांनी त्या ओळीवर फुली मारली. आधीही कितीतरी ओळींवर मारली होती. पेटीत नाही ते चाक नाही, असा त्यांचा साधा नियम होता.

दुपारी ते घरी जेवायला आले तेव्हा तोंड उतरलेलं होतं. मेहुणीही आलेली होती, शाळेला सुट्टी होती. तिला त्यांनी सगळी हकीकत सांगितली. बाकी सगळं आहे, म्हणाले, सतरा त्रिक एक्कावन्नचं पाडतो, सत्तेचाळीसचं पाडतो, चौदाचं पाडतो, उरलेल्या तिनासाठी साठ आणि वीस पेटीतले लावतो. नेमकं एकशे सत्तावीस नाही. ते एक असतं तर.

बायकोने आमटीचं पातेलं चुलीवरून आणलं होतं. ते ती खाली ठेवणार, तेवढ्यात हात तसाच थांबला.

“एकशे सत्तावीसच का?”

“एकशे सत्तावीसच.”

“मग हे काय आहे?”

तिने पातेलं बाजूला ओट्यावर ठेवलं आणि जे त्याच्याखाली ठेवायचं ते लोखंडी टेकण, ज्यावर या घरातलं प्रत्येक गरम भांडं आजवर टेकलं होतं, ते उचलून नवऱ्यासमोर धरलं. काळंठिक्कर, गोल, ताटाएवढं, मधे भोक. कडेला दाते. भोकाच्या बाजूला तीन अंक ठोकलेले, एक, दोन, सात. रोज राखेने घासून तिला ते पाठ झाले होते. काय आहेत म्हणून तिने कधी विचारलं नव्हतं, आणि मामांनी कधी सांगितलं नव्हतं, कारण ते विसरून गेले होते.

लेथ जुना विकत घेतला तेव्हा हे चाक पेटीत होतं. मिलिमीटरच्या मशीनवर स्क्रूला इंचाचे आटे पाडायचे तर ते लागतं, कारण पाच इंच म्हणजे बरोबर एकशे सत्तावीस मिलिमीटर. मामांकडे इंचाचं काम कधी आलंच नाही. नव्या संसारात गरम भांड्याखाली ठेवायला काही नव्हतं, म्हणून त्यांनीच ते पेटीतून काढून घरी आणलं. पेटीतून गेलं आणि हिशेबातूनही गेलं. गिअर पाडणाराच ही चूक करू शकतो. दुसऱ्या कुणी निदान घरात शोधलं असतं.

मेहुणीने चाकाकडे बघितलं, मामांकडे बघितलं आणि सांगितलं की आता मात्र दोन मार्क.

आमटी थंड झाली. मामांनी त्याच दुपारी चाक रॉकेलमध्ये बुडवलं. दात्यांच्या खाचांत उतू गेलेल्या दुधाचे थर बसले होते, ते तारेच्या ब्रशने काढले. एक दाता किंचित दबला होता, बायकोच्या म्हणण्याप्रमाणे तो खलबत्ता पडला त्या दिवशीचा. तो कानशीने सरळ केला. मेहुणीने बसून उरलेला हिशेब केला. या चाकांवर गोळा महिन्याला फक्त सतरा सेकंद चुकणार होता.

एक्कावन्न, सत्तेचाळीस आणि चौदाची चाकं चार दिवसांत झाली. मनोऱ्याच्या खोलीत ती बसवताना सासरे शेजारी उभे राहून प्रत्येक चाकाला बोट लावून बघत होते. एकशे सत्तावीसच्या चाकाला त्यांनी नाकही लावलं आणि आमटीचा वास येतोय म्हणाले. यंत्र सुरू झालं. दाते एकमेकांत घुसले, आवाज गोड आला. एकच काम राहिलं. गोळा शेवटचा एकदा हाताने जागेवर आणायचा.

सासऱ्यांनी बूट घातलेलेच होते.

मामांना स्टुलावर चढूनही भोवळ येते. तरी ते शिडीपाशी गेले आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मग दुसऱ्या. सासऱ्यांनी खाली शिडी धरली, लेकीने सासऱ्यांना धरलं. दुपारची वेळ होती आणि आकाशात खरा चंद्र दिसत होता, अर्धा, फिकट, कुणीतरी पुसायचा राहिल्यासारखा. खालून सूचना येत होत्या. जावईबापू, डावीकडे. अजून थोडा. एवढा नको. डोळे उघडा, जावईबापू, डोळे मिटून चंद्र लागत नाही. मामांनी एक डोळा उघडला. सोनेरी अर्धा गोळा आणि आकाशातला अर्धा चंद्र एकसारखे दिसले, तेव्हा सासऱ्यांनी बास म्हटलं.

मामा उतरले आणि गच्चीतच बसून राहिले. सासऱ्यांनी विचारलं, आता पुन्हा कधी चढावं लागेल?

“पाव दिवस चुकायला शंभर वर्षं लागतील, बाबा.”

सासऱ्यांनी एकदा गोळ्याकडे बघितलं. मग खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. लेकीने पुढे होऊन दुसऱ्या पायाची सोडली.

शिडी त्याच दिवशी खाली आणून वर्कशॉपच्या मागे आडवी ठेवली. मामांनी बायकोला भांड्यांखाली ठेवायला पेटीतलं एकशे वीसचं चाक आणून दिलं. तिने ते हातात फिरवून बघितलं. हे तर कशानेही फुटेल, म्हणाली, पण चालेल.

सासरे आता संध्याकाळी वर्कशॉपमध्ये येऊन बसतात. चंद्र आपला आपण चालतोय, त्यामुळे हातांना काम नाही. एके दिवशी त्यांनी कपाटाच्या दारावरचा तो आकडा पाहिला. बाकी सगळं मामांनी पुसलं होतं, तो एक ठेवला होता. हा कोण, विचारलं. मामांनी सांगितलं, हा तुमचा तंतोतंत चंद्र, पण फुटत नाही. दोन्ही बाजूचे शेजारी फुटतात. शेजाऱ्यांचीही गोष्ट सांगितली, आणि सत्तेचाळीसपर्यंत सगळ्यांनी भागून बघितल्याचीही. सासऱ्यांनी ती शांतपणे ऐकली आणि मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

“त्रेपन्नने बघितलंत?”

“त्रेपन्नची गरज नाही, बाबा. मास्तरीणबाईंनी सांगितलंय.”

“गरज नसेल. बघितलंत का?”

सासऱ्यांनी खुर्ची कपाटाजवळ ओढली, चष्मा लावला आणि खडू मागून घेतला. बराच वेळ खडूचा आवाज येत राहिला. शेवटी तेहेतीस उरले. त्यांनी ते पुसलं, आणि खालच्या ओळीत जुन्या चाकाचे एकोणसाठ लिहिले.

“हा माझ्या ओळखीचा आहे,” म्हणाले. “मला नाही म्हणायचा नाही.”